विश्लेषण : जोडीदार नशेसाठी सुई घेतो, एचआयव्हीपासून स्वतःचे रक्षण कसे कराल?

घरातला माणूस नशेसाठी सुई टोचून घेतो हे कळते, तेव्हा आधी भीती वाटते ती पोलिसांची, पैशांची आणि बदनामीची. त्याची सुई सुटावी म्हणून घरात सगळे प्रयत्न सुरू होतात. पण त्याच्याबरोबर राहणाऱ्या जोडीदाराच्या तब्येतीचा विषय सहसा निघतच नाही. तिने स्वतः कधी नशेची सुई घेतलेली नसते, त्यामुळे आपल्याला काही होईल असे तिलाही वाटत नाही. अनेकदा तिच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी पहिल्यांदा होते ती थेट गरोदरपणात.

हे विश्लेषण त्या जोडीदारासाठी आहे. आपल्याकडे सुई घेणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण खूप जास्त असल्याने इथे 'तो' आणि 'ती' असा उल्लेख केला आहे. पण यातील जवळपास सर्व माहिती कोणत्याही जोडप्याला लागू पडते. सांगायचे आहे ते एवढेच की, तो नशा कधी सोडेल याची वाट पाहत थांबण्याची गरज नाही. स्वतःचे संरक्षण आजपासून सुरू करता येते आणि त्यासाठीच्या बऱ्याच गोष्टी सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.

हा प्रश्न महाराष्ट्राचा आहे का?

सुईने नशा म्हटले की मणिपूर, नागालँड किंवा पंजाब आठवतो. मात्र केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला, तेव्हा देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात असा अंदाज त्यात होता. अशा लोकांची संख्या जास्त असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचेही नाव होते. 

हेरॉइन आणि वेदनाशामक औषधे हे सुईने होणाऱ्या नशेचे मुख्य प्रकार. त्यात आता जिमची भर पडली आहे. रक्तदाब वाढवण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमिनचे इंजेक्शन व्यायामासाठी 'ताकद' म्हणून तरुणांना विकले जात असल्याचे पुण्यासह राज्यातील पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कारवायांतून समोर आले आहे. असे इंजेक्शन घेणारा तरुण स्वतःला नशेबाज समजत नाही, त्याचे घरचेही समजत नाहीत. पण एकाच बाटलीतून आणि एकाच सिरिंजने चौघांनी औषध घेतले, तर विषाणूच्या दृष्टीने पुलाखालचा अड्डा आणि वातानुकूलित जिम यांत काहीच फरक नसतो.

देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये मात्र ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नऊ टक्क्यांच्या आसपास आढळले. जोडीदाराचा धोका मोजताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

सुई त्याची, मग लागण तिला कशी?

शीर सापडली की नाही हे पाहण्यासाठी सुई घेणारा थोडे रक्त सिरिंजमध्ये ओढून घेतो. ते रक्त सुईत आणि सिरिंजच्या तळाशी उरते. बंद सिरिंजमधल्या रक्तात एचआयव्ही बरेच दिवस तग धरू शकतो. अनुकूल तापमानात ४२ दिवसांपर्यंत तो जिवंत राहिल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली की विषाणू थेट त्याच्या रक्तात जातो. पाण्याने सुई धुतल्याने हा धोका संपत नाही.

पुढचा टप्पा घरातला. त्याच्या शरीरात आलेला विषाणू कंडोमशिवाय होणाऱ्या संबंधांतून तिच्यापर्यंत पोहोचतो. हे किती मोठ्या प्रमाणावर घडू शकते, हे मणिपूरमधल्या एका अभ्यासाने दाखवले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सुई घेणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या आणि स्वतः कधीही सुई न घेतलेल्या त्यांच्या पत्नींच्या तपासण्या करण्यात आल्या. त्यातील सुमारे ४५ टक्के पत्नींना एचआयव्हीची लागण झालेली होती. तेव्हा आजच्यासारखे उपचार सहज उपलब्ध नव्हते. आज ते आहेत, म्हणूनच ही संख्या पुन्हा दिसायला नको.

एकत्र जेवणे, मिठी मारणे, एकच शौचालय वापरणे, चुंबन किंवा डास यांमुळे एचआयव्ही होत नाही. त्यामुळे त्याचे ताट वेगळे करून काहीही साधत नाही.

'माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे' हे पुरेसे का नाही?

लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. सरकारी केंद्रांतील नेहमीच्या झटपट तपासणीसाठी हा काळ तीन महिन्यांपर्यंत धरला जातो. या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, पण नेमके लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातील विषाणूंचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ आणि संसर्गाचा धोका सर्वांत मोठा, असे दोन्ही एकाच वेळी घडू शकते.

शिवाय रिपोर्ट त्या दिवसापर्यंतची माहिती देतो. त्यानंतर एकदा जरी दुसऱ्याची सुई वापरली गेली, तरी त्या कागदाचा उपयोग संपला. 'मी फक्त माझीच सुई वापरतो' हे त्याचे म्हणणे खरेही असेल. मात्र नशा उतरू लागल्यावर अंगदुखी, थंडी, उलट्या सुरू होतात आणि तेव्हा जी सुई हाताशी आहे ती वापरली जाते. यात त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा भाग नाही. पण तुमची सुरक्षितता त्याच्या सर्वांत वाईट दिवसातल्या निर्णयावर अवलंबून ठेवता येणार नाही.

तपासणी कुठे आणि किती वेळा करावी?

जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालय, महापालिकेची रुग्णालये यांमध्ये एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. त्याला 'आयसीटीसी' म्हणतात. तिथे तपासणी मोफत होते, ती तुमच्या संमतीनेच होते आणि निकाल गोपनीय ठेवला जातो. पतीला सोबत नेण्याची किंवा त्याची परवानगी घेण्याची गरज नाही.

पहिली तपासणी लगेच करावी. ती निगेटिव्ह आली तर तीन महिन्यांनी पुन्हा. जोडीदाराचे सुई घेणे सुरू असेपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी चालू ठेवावी. समुपदेशकाला 'माझा जोडीदार सुईने नशा करतो' हे स्पष्ट सांगा. त्यानुसार पुढचा सल्ला बदलतो. त्याच वेळी गुप्तरोगांचीही तपासणी करून घ्या. जखम किंवा स्राव असलेला गुप्तरोग अंगावर काढल्यास एचआयव्ही शिरायला वाट सोपी होते.

कंडोम नको म्हणाला तर?

प्रत्येक वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कंडोम वापरणे हा आजही सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय आहे. तो एचआयव्हीसोबत इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणाही रोखतो. गर्भनिरोधक गोळ्या, तांबी किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया यांमुळे एचआयव्हीपासून कोणतेही संरक्षण मिळत नाही. शस्त्रक्रिया झालेली आहे म्हणून कंडोम बंद, हे अनेक घरांत घडते आणि धोका तिथेच वाढतो.

अडचण अशी की, पुरुषाच्या कंडोमचा निर्णय पुरुषाच्या हातात असतो. लग्नाला दहा वर्षे झालेल्या बाईने कंडोमचा आग्रह धरला की 'तुझा माझ्यावर विश्वास नाही का' हा प्रश्न येतो. तेव्हा वाद विश्वासावर नेण्यापेक्षा 'डॉक्टरांनी दोघांनाही सांगितले आहे' असे म्हणणे अनेकींना सोपे जाते. समुपदेशक दोघांशी एकत्र बोलू शकतात. स्त्रियांसाठीचा कंडोम हाही पर्याय आहे, तो औषध दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो, पण महाग पडतो. मारहाण होत असेल किंवा संबंधांची जबरदस्ती होत असेल, तर हा प्रश्न केवळ कंडोमचा राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मागता येते.

रोजची गोळी : 'प्रेप' म्हणजे काय?

एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीने लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या औषधाला 'प्रेप' म्हणतात. टेनोफोविर आणि त्याच्या जोडीचे दुसरे औषध एकाच गोळीत असते आणि ती रोज एक घ्यायची असते. नियमित घेतल्यास लैंगिक संबंधांतून होणाऱ्या लागणीपासून ती अतिशय चांगले संरक्षण देते. सुई घेणाऱ्यांनाही तिचा फायदा होतो. बँकॉकमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज टेनोफोविर घेणाऱ्या गटात नव्या लागणी जवळपास निम्म्याने कमी झाल्या होत्या.

जोडीदाराच्या दृष्टीने या गोळीचे महत्त्व असे की, ती घेण्यासाठी कुणाचीही संमती लागत नाही. मात्र ती मनाने सुरू करू नये. आधी एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह असणे, मूत्रपिंडाचे काम नीट असणे आणि हेपटायटिस बी ची तपासणी होणे आवश्यक असते. गोळी सुरू केल्याच्या दिवसापासूनच पूर्ण संरक्षण मिळत नाही. कंडोमशिवाय किती दिवस अजिबात चालणार नाही हे डॉक्टरांना विचारा. खंड पडला की संरक्षण घटते. ही गोळी गुप्तरोग किंवा हेपटायटिस रोखत नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे 'नॅको'ने, २०२२ मध्ये प्रेपसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही औषधे भारतात मिळतात. आपल्या जिल्ह्यात ती कुठे मिळतील, याची विचारणा १०९७ वर करता येते.

कंडोम फाटला, सुई टोचली : ७२ तासांत काय करावे?

अशा वेळी 'पेप' हे औषध घेतात. प्रेप आधी घ्यायचे, पेप नंतर. घटनेनंतर शक्य तितक्या लवकर, काही तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत ते सुरू व्हावे लागते. त्यानंतर ते सलग २८ दिवस घ्यायचे असते. ७२ तास उलटून गेल्यावर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून 'सोमवारी दाखवू' असे करू नये. रात्र असेल तर सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, दिवसा एआरटी केंद्रात विचारा.

सुई टोचली असेल तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीचसारखे काही लावू नका. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई एकदा टोचल्यास लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन असते. घाबरून जाण्याइतकी ती मोठी नाही आणि सोडून देण्याइतकी लहानही नाही.

घरात वापरलेली सुई सापडली तर ती हाताने उचलून केराच्या पिशवीत टाकू नका. टोपण परत बसवण्याचाही प्रयत्न करू नका. चिमटा किंवा जाड हातमोजा वापरा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत ती टाका. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि रुग्णालयात किंवा सुई वाटप करणाऱ्या संस्थेकडे द्या. दाढीचे ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश प्रत्येकाचा वेगळाच असावा.

तो एचआयव्हीबाधित निघाला तर नाते संपले का?

नाही. एआरटी औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि निदान झालेल्या प्रत्येकाला ती सुरू केली जातात. रोज औषध घेतल्यास साधारण सहा महिन्यांत रक्तातील विषाणू इतके कमी होतात की तपासणीत ते सापडत नाहीत. अशा स्थितीत लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. याचा मोठा पुरावा ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून मिळाला, त्यात पुणे आणि चेन्नईतील जोडपीही सहभागी होती. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे त्यातून २०११ मध्ये समोर आले. पुढे युरोपातील अभ्यासांत, विषाणू दबलेल्या व्यक्तीकडून संबंधांतून जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

यात दोन अटी आहेत. एक, 'औषध सुरू आहे' हे पुरेसे नाही. विषाणूभार तपासणीचा ताजा रिपोर्ट पाहिला पाहिजे. नशेच्या काळात गोळ्या चुकतात आणि विषाणू पुन्हा वाढतो. दोन, हा भरवसा फक्त लैंगिक संबंधांपुरता आहे. सुई एकत्र वापरण्याबाबत असा पुरावा नाही. म्हणून तुम्हीही कधी सुई घेत असाल, तर 'आपण दोघे नवरा-बायकोच आहोत' असे म्हणून एक सुई दोघांत वापरू नका. चमचा, कापूस, पाणी यांचाही त्यात समावेश होतो.

मूल हवे असेल तरी मार्ग आहे. बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण उपचारांअभावी १५ ते ४५ टक्के असते. उपचारांनी ते पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. त्यासाठी गर्भधारणेचे नियोजन डॉक्टरांशी बोलून करावे.

नव्या सुया देणे म्हणजे नशेला प्रोत्साहन नाही का?

हा आक्षेप घरातूनच सर्वांत आधी येतो. नव्या सुईमुळे नशा वाढते असे जगभरातील अनुभवातून दिसलेले नाही. एचआयव्ही मात्र कमी होतो. त्याला मिळालेली प्रत्येक नवी सुई तुमचाही धोका कमी करते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात सुई वाटपासारख्या उपायांना संरक्षण दिलेले आहे. धोका कमी करण्यासाठी केलेले असे काम हा गुन्हा ठरत नाही.

दुसरा उपाय म्हणजे पर्यायी औषधोपचार. सरकारी मान्यताप्राप्त केंद्रात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी समोर जिभेखाली विरघळवायला दिली जाते, काही ठिकाणी मेथाडोन देतात. हेरॉइनसारख्या नशेची तलफ आणि उतारीचा त्रास त्याने आटोक्यात राहतो आणि सुईची गरज कमी होते. हे उपचार महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालतात. 'एका नशेऐवजी दुसरी नशा' म्हणून कुटुंबाने ते बंद पाडले की माणूस बहुधा सुईकडेच परततो. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडेही जपायचे असतात. सुई पुन्हा सुरू होण्याची शक्यता तेव्हा मोठी असते, आणि सवय मोडलेली असल्याने जुन्याच मात्रेने जीवही जाऊ शकतो.

पोलिसांची भीती अनेकांना उपचारांपासून दूर ठेवते. अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सेवन हा गुन्हा आहे हे खरे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून सूट मिळू शकते.

हेपटायटिसचे काय?

सुईतून एचआयव्हीपेक्षाही सहज पसरतो तो हेपटायटिस सी. तो यकृत हळूहळू निकामी करतो आणि वर्षानुवर्षे लक्षणे दिसत नाहीत. त्यावर लस नाही, पण बहुतेकांना साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हेपटायटिस बी वर लस आहे आणि तो संबंधांतूनही सहज पसरतो. त्यामुळे एचआयव्हीच्या तपासणीला जाल त्याच दिवशी या दोन्ही तपासण्या मागा आणि बी ची लस घेतलेली नसेल तर घ्या.

त्याचा रिपोर्ट कळण्याचा तुम्हाला अधिकार आहे का?

एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कुणाचाही रिपोर्ट त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. मात्र जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे, समुपदेशन करूनही ती व्यक्ती जोडीदाराला सांगणार नाही अशी खात्री पटली, तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्या व्यक्तीला पूर्वकल्पना देऊन जोडीदाराला सांगू शकतात. बाधित व्यक्तीवर, विशेषतः स्त्रीवर, हिंसा होण्याची शक्यता असेल तर असे सांगू नये, असेही कायदा म्हणतो. आपण बाधित आहोत हे माहीत असलेल्या व्यक्तीने दुसऱ्याला लागण होऊ नये याची काळजी घेणे बंधनकारक आहे.

सासरच्यांनी 'रोग घेऊन आली' म्हणून घराबाहेर काढण्याची भीती असेल, तर याच कायद्याने राहत्या घरात राहण्याचा अधिकार दिला आहे. तो बाधित व्यक्तीला आहे, तसाच बाधित व्यक्तीसोबत राहणाऱ्यालाही आहे.

यंत्रणेने काय बदलायला हवे?

अभियांत्रिकीत संपूर्ण यंत्रणेचा भार एकाच भागावर टाकत नाहीत, कारण तो भाग कधी ना कधी निकामी होतो. या घरांमध्ये सगळा भार 'तो सुधारेल' या एकाच आशेवर टाकलेला असतो. कंडोम, प्रेप, ठरावीक तपासणी, त्याचे एआरटी, नवी सुई आणि पर्यायी औषध हे वेगवेगळे थर आहेत. एक फसला तरी दुसरा धरून ठेवतो.

हे थर तिच्यापर्यंत पोहोचवणे ही तिची एकटीची जबाबदारी असू नये. एखादा पुरुष सुई किंवा पर्यायी औषधासाठी केंद्रात नाव नोंदवतो, त्याच दिवशी त्याच्या जोडीदारालाही तपासणी, लस, कंडोम आणि प्रेपची माहिती देऊ केली पाहिजे. पुरुषांनी भरलेल्या केंद्रात ती येणार नाही, म्हणून महिला समुपदेशक, वेगळी वेळ आणि शक्य असेल तिथे आशासेविकेची मदत लागेल. बाधित किंवा सुई घेणाऱ्याच्या जोडीदाराला प्रेप सरकारी केंद्रात मोफत मिळाले पाहिजे, कारण आयुष्यभराच्या एआरटीपेक्षा लागण टाळणे तिच्यासाठी आणि सरकारी तिजोरीसाठीही स्वस्त आहे. 'गर्दुल्ल्याची बायको' म्हणून तिला कोपऱ्यात उभे करणाऱ्या प्रत्येक खिडकीमुळे एक तपासणी राहून जाते.

उपयोगी क्रमांक : एचआयव्हीविषयी मोफत माहिती व जवळचे केंद्र – १०९७, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन – १४४४६, महिला हेल्पलाइन – १८१, मानसिक आधारासाठी टेलि-मानस – १४४१६.